मास्तरांनी बेतलेलं घर

कापड मास्तरांच्या हातून कधी वाया गेलं नाही, हे त्यांचा वैरीही मान्य करील. वैरी म्हणजे कोण, तर समोरच्या बोळातला दुसरा टेलर. आणि त्यानेही स्वतःच्या लेकाचा लग्नातला सूट मास्तरांकडूनच शिवून घेतला होता, गुपचूप, मागल्या दाराने येऊन.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत, टेलरमास्तर. रस्त्याला लागून दुकान, दुकानामागे भाड्याच्या दोन खोल्या. दुकानात मास्तर कापायचे, शिवायचे, आणि काज-बटणाचं काम त्यांची बायको करायची. मास्तरांची बायको म्हणून लोक तिला मास्तरीणबाई म्हणत. शाळेशी बाईंचा संबंध शिकतानाही बेताचाच आला होता, पण नाव चिकटलं ते चिकटलं. काजं मात्र अशी करायच्या, की गिऱ्हाईक बटण लावता लावता थांबून बघत राहायचं.

त्या काजांवरूनच सगळं उघडकीला आलं. एका कोटाचं काज तिरपं गेलं. मास्तरांनी ते उसवलं. मग दुसरं गेलं. मग एका शर्टाचं बटण एकीकडे आणि काज भलतीकडे. मास्तर वैतागले. "अगं, लक्ष कुठंय तुझं?"

"लक्ष इथंच आहे," बाई म्हणाल्या. "कडेचं दिसत नाही."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू आहे आणि यायला फार उशीर केलात. कडेकडेची नजर गेली होती. मधे नळकांड्यातून बघावं तेवढं शिल्लक होतं, आणि तेही औषधाने टिकेल तितकंच टिकणार होतं. मास्तरांनी डॉक्टरांसमोर शहाण्यासारखी मान डोलावली आणि बाहेर येऊन फुटपाथवर मटकन बसले. बाईंनीच त्यांना दंडाला धरून उठवलं. "चला, दुकान उघडायचंय," म्हणाल्या.

आता गंमत बघा, घरात बाईंचं काहीच अडत नव्हतं. दुकानातून आत आलं की उजव्या हाताची भिंत धरायची आणि सरळ जायचं, पुढे आपोआप स्वयंपाकघराचं दार. दारातून आत पाऊल टाकलं की डाव्या हाताला ओटा, ओट्याच्या टोकाला गॅस, वर चहासाखरेचे डबे. उजव्या कोपऱ्यात मोरी. सगळा संसार त्या दोन खोल्यांत झालेला, लेक तिथेच रांगली, तिथेच शिकली, तिथूनच लग्न होऊन गेली. बाईंच्या पायांना त्या खोल्या तोंडपाठ होत्या. भीती वाटायची ती रस्त्याची. कडेने येणारी गाडी दिसायचीच नाही, एकदम अंगावर आल्यासारखी व्हायची. हळूहळू बाईंनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणंच सोडलं.

आणि नेमका त्याच वेळी घरमालकाचा निरोप आला. इमारत पाडायची आहे, पावसाळ्याच्या आत जागा मोकळी करा.

लेक फोनवर म्हणाली, "आमच्याकडे या दोघं." लेक चांगली, जावई त्याहून चांगला, पण घर चौथ्या मजल्यावर. बाई म्हणाल्या, "लिफ्टचं बटण हुडकण्यात माझा दिवस जाईल गं. तुला भेटायला येईन. राहायला नको."

मास्तरांकडे शहराबाहेर, एका खेड्याला लागून, जमिनीचा एक तुकडा होता. तरुणपणी कुठल्याशा हुक्कीत घेऊन ठेवलेला. दगड आणि गवत, बाकी आनंदीआनंद. घेतला तेव्हा बाईंनी तो पाहून विचारलं होतं, "इथे काय पिकवणार, बाह्या?" त्यावरून मास्तर आठवडाभर फुगून बसले होते. पण आता त्यांना रात्रंदिवस तोच तुकडा दिसायला लागला. तिथे गाडी नाही, गर्दी नाही. आणि मनात एक बेत शिजला, तो त्यांनी बाईंना एका दमात सांगून टाकला.

"अगं, ह्याच दोन खोल्या तिकडे उभ्या करायच्या. जशाच्या तशा. हीच लांबी, हीच रुंदी, दार तिथे दार, ओटा तिथे ओटा. डोळ्यांचं काय व्हायचं ते होऊ दे. तुझं पाऊल चुकणार नाही, कुणाचा हात धरावा लागणार नाही."

 त्या दिवशी चहात साखर दोनदा पडली, आणि बाईंच्या हातून असं नजर अधू झाल्यावरही कधी झालं नव्हतं.

मास्तर कामाला लागले. लोक टेपने जमीन मोजतात; मास्तरांनी गळ्यातली टेप काढून खोल्यांची मापं घेतली, माणसाची घ्यावीत तशी. गॅसपासून मोरीपर्यंत, खाटेपासून दारापर्यंत. खिडकीची उंची घेताना सवयीने तोंडात टाचण्यासुद्धा धरल्या होत्या. मग नकाशा काढायला बसले. कागदावर काढतील तर ते मास्तर कसले! कागद फाटतो, भिजतो, वाऱ्याने उडतो. त्यांनी मांजरपाटाचा मोठा तुकडा कटिंग टेबलावर पसरला, त्यावर खडूने खोल्या आखल्या, आकडे लिहिले, आणि वरून मशीनची शिलाई मारली. भिंतींना काळा दोरा, दारांना लाल. बाईंनी बोटांनी ते दोरे चाचपून पाहिले आणि म्हणाल्या, "घराला कॉलर लावायची राहिली."

त्या खेड्यातला मिस्त्री बांधकामाला ठरला. कामात चोख, जिभेला हाड नाही. मास्तरांनी घडी उलगडून हातात दिली तेव्हा तो बघतच राहिला. "मास्तर, हा नकाशा म्हणायचा की पडदा?"

"कागदापेक्षा टिकतो. धुवून परत वापरता येतो."

"परत? घर काय दोनदा बांधणार आहात?"

मास्तर हसले, मिस्त्री हसला. मास्तर दुकान आवरायला परतले आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने कापड जमिनीवर अंथरलं, चार दगड ठेवले, दोऱ्या ताणल्या, चुन्याची फक्की मारली आणि खोदायला सुरुवात केली.

दर सुट्टीच्या दिवशी मास्तर बसने तिकडे जायचे. उतरले की पहिली टेप बाहेर. पाया मोजला, बरोबर. जोतं मोजलं, बरोबर. दाराची रुंदी मोजली, बोटभराचाही फरक नाही. मिस्त्री कंटाळला. "मास्तर, आता भिंतीची छाती आणि कंबरही मोजून घ्या, म्हणजे कोट शिवता येईल." मास्तरांनी मनावर घेतलं नाही. मापं जुळतायत म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला होता; आकड्यांपलीकडे, कुठलं दार कुठल्या हाताला, ते त्यांनी पाहिलंच नाही. घरी येऊन बाईंना सांगायचे, "तंतोतंत! आपल्याच खोल्या, फक्त रंग द्यायचा राहिलाय."

भिंती डोक्याच्या वर गेल्या त्या दिवशी मास्तरांना वाटलं, आता एकदा हिच्यासारखं चालून बघावं. दारात उभे राहिले, चपला काढल्या, डोळे गच्च मिटले. उजव्या हाताची भिंत धरली आणि निघाले. झोकात निघाले, आपल्याच घरात माणूस निघतो तसे. आणि जिथे स्वयंपाकघराचं दार, तिथे कपाळ धाडकन भिंतीवर आपटलं.

"मास्तर!" मिस्त्री घमेलं टाकून धावला. "अहो, दार इकडे आहे! डावीकडे!"

मास्तर कपाळ धरून उभे होते. डोळे उघडून त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा दाराकडे. धावत आत गेले. ओटा उजवीकडे. मोरी डावीकडे. मापं सगळी बरोबर आणि घर सगळं उलटं. "हे काय करून ठेवलंस?" ते ओरडले. "कापड उलटं धरलंस तू! उलटं!"

मिस्त्रीचाही पारा चढला. त्याने सामानाच्या झोपडीतून कापड आणून त्यांच्यासमोर फडकावलं. "उलटं कसं? हे बघा आकडे. तुमच्याच हातचे. आकडे ज्या बाजूला ती बाजू वर, एवढं मला कळतं."

"अरे, खडू ज्या बाजूला ती आतली बाजू! कापडावर आखायचं ते नेहमी उलट्या अंगाने, डावं ते उजवं धरून, म्हणजे पलटलं की सरळ येतं. एवढंही…" मास्तर बोलता बोलता थांबले. एवढंही कळत नाही का, असं म्हणणार होते. पण कुणाला कळणार? आयुष्यभर त्यांनी कोट, पँटी, शर्ट ह्याच पद्धतीने आखले होते. हात आपोआप तसाच चालला. आणि पलटून घ्या हे सांगायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही, कारण ते सांगावं लागतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मिस्त्रीचा दोष नव्हता. तसं पाहिलं तर दोष कुणाचाच नव्हता, आणि तीच तर पंचाईत होती. राग काढायला माणूसच मिळेना.

मिस्त्री खाली बसला. नरमून म्हणाला, "पाडायचं तर पाडतो मास्तर. पण मग पावसाच्या आत छत होत नाही. आणि जागा तर तुम्हाला त्याआधी सोडायचीय."

मास्तर घरी आले. बाईंनी आल्या आल्या विचारलं, "काय म्हणतंय घर? दार उजवीकडेच ठेवलंय ना?"

"हो, हो," मास्तर म्हणाले.

झालं! एकदा 'हो' म्हटलं की ते मागे कसं घ्यायचं? पुढच्या खेपेलाही 'हो', त्याच्या पुढच्या खेपेलाही 'हो'. लेकीने फोनवर विचारलं, तिलाही 'हो'. मास्तरांचं जेवण तुटलं. कपाळावरच्या टेंगळाबद्दल बसच्या दांड्यावर आपटलो म्हणून सांगितलं, आणि बाईंच्या नळकांड्यातून ते टेंगूळ नेमकं दिसलं होतं. नवऱ्याचा आवाज चोरटा झालाय हे ओळखायला तर डोळे लागतच नव्हते. एका सकाळी त्या चपला घालून तयारच बसल्या. "मला घर बघायचंय. आज."

"वाटेत सिमेंट-विटा पडल्यात, अडखळशील…"

"पडले तर उचला."

बसमध्ये मास्तरांनी दहादा तोंड उघडलं आणि दहादा मिटलं. खिडकीशी बसलेल्या बाई मात्र वाऱ्यावर खुशीत होत्या. पोचल्यावर त्यांनी मास्तरांचा हात सोडला, दारात उभ्या राहिल्या, उजव्या हाताची भिंत धरली आणि मास्तर "अगं थांब" म्हणेपर्यंत चालूही लागल्या. तळहात गिलावा नसलेल्या विटांवर खरवडत गेला आणि त्या समोरच्या भिंतीवर जाऊन थडकल्या.

मिस्त्री आणि त्याची माणसं घमेली खाली ठेवून बघत उभी. बाईंनी भिंत वरपासून खालपर्यंत चाचपली. मग वळल्या, मान फिरवत फिरवत त्या एवढ्याशा नजरेतून अख्खी खोली तुकड्यातुकड्याने पाहिली. डावीकडलं दार सापडलं. आत जाऊन आल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे आरशातलं घर बांधलंत का?"

मास्तरांनी मग सगळं सांगितलं. कापड, खडू, उलटी बाजू, आणि इतक्या दिवसांचं 'हो, हो'. ऐकता ऐकता बाईंना हसू फुटलं. असं फुटलं की उभं राहवेना, सिमेंटच्या पोत्यावर बसल्या. "आयुष्यात एक बाही उलटी लावली नाहीत आणि माझं घर तेवढं उलटं शिवलंत!" मिस्त्रीही हसायला लागला. आणि मग हसता हसताच बाईंचा आवाज फुटला, खरवडलेला हात पदराखाली धरून त्या रडल्या. मास्तर शेजारी उकिडवे बसले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"पाडतो मी," ते म्हणाले. "भाड्याने कुठे तरी राहू तोवर. पाडून नीट बांधतो."

बाईंनी डोळे पुसले. "आणि तुमचं नीट बांधून होईपर्यंत माझे डोळे थांबणार आहेत का?"

मिस्त्रीने हातातली थापी खाली ठेवली.

"मोडायचं नाही," बाई म्हणाल्या. "आत्ता थोडं दिसतंय. दिसतंय तोवर हे घर शिकून घेते. मिस्त्री, तुम्ही तुमचं काम चालू ठेवा. आणि अहो, तुम्ही माझा हात धरायचा नाही. अजिबात नाही."

त्या दिवसापासून बाई मास्तरांच्या आधी तयार होऊन बसायला लागल्या. दुकान जवळपास बंदच होतं. मास्तरांनी अस्तराची एक पट्टी कापून दिली, ती डोळ्यांवर बांधून बाई बांधकामात हिंडायच्या. आधी पट्टी न बांधता एक फेरी, मग बांधून. पाय नव्याने शिकायला तयार होते, हात मात्र हट्टी. ओट्यावर आणून ठेवलेला चहाचा डबा घ्यायला डावा हातच उठायचा आणि हवेतच राहायचा. बाई स्वतःच्याच हातावर चापट मारायच्या. "मेल्या, इकडे!" गुडघे फुटले, नडगी काळीनिळी झाली. मिस्त्री वरून ओरडायचा, "वहिनी, पुढे घमेलं!" आणि बाई ओरडायच्या, "सांगू नका हो! घमेलं काय रोज राहणार आहे?"

आणि मास्तर? मास्तर कोपऱ्यात स्टुलावर हातांवर बसून राहायचे. खरंच, हात मांडीखाली घालून. बाई अडखळल्या की अर्धे उठायचे आणि परत बसायचे. एकदा न राहवून धावले आणि सावरलं, तर बाईंनी पट्टी काढून त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा स्टुलावर. तो काळ त्यांना जितका जड गेला तितकं आयुष्यात काही गेलं नव्हतं. स्वतः केलेल्या चुकीचा मार दुसऱ्याच्या नडगीवर उमटताना बघायचा, म्हणजे खायचं काम नाही.

पावसाच्या तोंडावर छत चढलं, गिलावा झाला, आणि एका टेम्पोत मावला तेवढा संसार घेऊन दोघं तिकडे राहायला गेले. बाईंनी एक नियम घातला. जी वस्तू जिथे ठेवली ती तिथेच. खुर्ची हलवायची नाही, बादली वाटेत ठेवायची नाही, दार अर्धवट उघडं टाकायचं नाही. लेक भेटायला आली तेव्हा तिने पिशवी जमिनीवर ठेवली, तर तिलाही बोलणी बसली.

गंमत म्हणजे नव्या घरात आदळायचे ते मास्तर. धडधाकट डोळ्यांचे मास्तर झोपेतून उठले की सवयीने उजवीकडे निघायचे आणि भिंतीला भिडायचे. आतून बाईंचा आवाज यायचा, "डावीकडे, साहेब!"

व्हरांड्यात मशीन मांडलं. आसपासच्या चार गावांत बातमी गेली आणि कापडं यायला लागली. बाई मागल्या दाराने बाहेर पडून भिंतीच्या कडेने घराला फेरी मारायच्या, उन्हाकडे पाठ करून दगडावर बसायच्या. शहरात असताना कित्येक महिन्यांत एकट्या बाहेर गेल्या नव्हत्या. मास्तर अधूनमधून विचारायचे, "दिसतंय ना गं थोडं?" बाई म्हणायच्या, "आहे तेवढं आहे." औषध वेळेवर डोळ्यांत पडत होतं, चहा वेळेवर होत होता, कपबशी कधी फुटली नाही. मास्तरांना वाटू लागलं, डॉक्टरांचा अंदाज चुकला असेल. चुकतात डॉक्टरही.

एका दुपारी मास्तर मशीनवरून उठले. अनवाणीच आत गेले. बाई चहा करत होत्या. ऊन खिडकीतून थेट ओट्यावर आलं होतं, सगळी खोली लख्ख. बाईंनी गाळणं घेतलं, कपात चहा ओतला, एक थेंब बाहेर नाही. मास्तर दारात उभे राहून बघत राहिले. काही बोलले नाहीत. नुसतं बघावंसं वाटलं. इतकी सफाईदार हालचाल, की बघणाऱ्याला अभिमान वाटावा. बाईंनी कप उचलला, वळल्या, चेहऱ्यावर हसू घेऊन सरळ मास्तरांच्या दिशेने आल्या, आणि न थांबता येऊन त्यांच्या छातीवर आदळल्या. कप खाली पडून फुटला, चहा मास्तरांच्या शर्टावर.

बाईंनी दचकून दोन्ही हात पुढे केले. "कोण?"

 भर उन्हात मास्तर तिच्यापासून वीतभर अंतरावर उभे होते.

"कोण आहे?" बाईंचा आवाज घाबरा झाला.

"मी. मीच आहे."

"मग दारात खांबासारखं का उभं राहायचं? भाजलं का?"

"नाही." मास्तरांनी तिचे हात हातात घेतले. "कधीपासून?"

बाई म्हणाल्या, "झाले बरेच दिवस. पाऊस थांबला त्याच्या आधीच."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? सांगितलं असतं तर त्या दिवसापासून तुम्ही मला हात धरून फिरवायला लागला असता. थोडे दिवस मला माझं माझं हिंडायचं होतं."

मास्तर रडत होते. आवाज होऊ देत नव्हते, पण आसवं बाईंच्या हातांवर पडत होती.

"पुरे आता. शर्ट आधीच भिजलाय," बाई म्हणाल्या. त्यांनी हात सोडवून घेतले. "काचा गोळा करा, माझ्या पायात जातील. मी दुसरा चहा टाकते. आणि घरात असलात की बोलत राहा, म्हणजे तुम्ही कुठे आहात ते कळतं."

"काय बोलू?"

"काहीही."

मास्तर खाली बसले आणि काचा वेचता वेचता बोलायला लागले. आज कुणाची पँट आली, तिची चेन कशी गेलीय, तो माणूस किती सुटलाय आणि तरी कंबर घट्टच ठेवा म्हणतो. आवाज मधेच थांबायचा. थांबला की बाई ओट्यापाशी मान वळवून उभ्या राहायच्या, आणि तो पुन्हा सुरू झाला की पुढे काम करायच्या.